घरबसल्या शिका : शेवंड किती पकडावी याची मर्यादा ठरवणे

अभिनंदन! शेवंड, कोळंबी, तिसऱ्या अशा कवचाच्या मासळीची मर्यादा ठरवणाऱ्या समितीवर तुमची वर्णी लागली आहे. तुम्ही अक्कलकोटचे. समुद्र इथून रस्त्यानं चारेकशे किलोमीटर. शेवंड तुम्ही फक्त पुण्याच्या एका हॉटेलच्या मेनूकार्डावर पाहिलीय, तीही 'दर विचारावा' अशा शेऱ्यासकट. घाबरू नका, याला तटस्थता म्हणतात. ज्याला ओहोटीच्या वेळा पाठ आहेत, ज्याचा मेहुणा सातपाटीला बोटीवर आहे, त्याला समितीत बसल्यावर घाम फुटतो. तुमचं पाणी म्हणजे बोरी नदी आणि तिच्यावरचं कुरनूर धरण. तुमचा ओळखीचा जलचर म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याच्या कडेला नांग्या उगारून बसलेला खेकडा. एवढ्या भांडवलावर लोकांनी राष्ट्रीय धोरणं लिहिली आहेत.

खालचे धडे क्रमानं वाचा. घाईत असाल तर सहावा तेवढा वाचा, बाकी सगळं त्यातच आहे.

१. बंदी अशी घाला की कुणाला कळूच नये

मर्यादा चार प्रकारे घालता येते: किती टन पकडायचं, किती मोठं पकडायचं, किती बोटींनी पकडायचं आणि किती दिवस पकडायचं. टनाच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे त्या वाटेला कुणी जात नाही. टन ठरवले की रोज मोजावे लागतात, आणि मोजले की ते कधीतरी भरतात. मग त्या दिवशी बंदरावर जाऊन 'आता बस' म्हणायला माणूस लागतो. तो माणूस तुम्हीच असण्याची शक्यता आहे.

दिवस धरा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत दर्या खवळलेला असतो. कोळी लोक पिढ्यानपिढ्या होड्या वर ओढून, झाकून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच पुन्हा पाण्यात लोटत. ही पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते. म्हणजे सरकारी बंदी उठते तेव्हा रूढीची अजून चालूच असते. कायदा रूढीपेक्षा सैल ठेवण्यात फार मोठी सोय आहे: तो मोडायची कुणाला गरज पडत नाही आणि अंमलबजावणीचा अहवाल देखणा होतो. हल्लीच्या इंजिनांना पौर्णिमेपर्यंत धीर धरवत नाही, पण तो इंजिनांचा स्वभाव झाला, त्यावर समिती नाही.

२. समुद्रात किती आहे ते मोजू नका, बंदरात किती आलं ते मोजा

खरं तर हे काम तुमच्यासाठी इतर लोक करतात आणि बरं करतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ठरलेल्या पद्धतीनं दिवस निवडतात, बंदरं निवडतात, काही बोटी निवडतात. उतरलेली मासळी बघतात, लांबी मोजतात, बोट किती तास जाळं ओढत होती ते विचारतात आणि त्यावरून महिन्याचा अंदाज बांधतात. त्यांचा आकडा सांगतो, समुद्रातून बाहेर काय आलं. आत काय उरलं हे त्यातून काढायला वर्षानुवर्षांची मापं आणि पुष्कळ डोकं लागतं.

तुम्ही हा मधला टप्पा गाळा. जे आलं तेच आहे असं धरा. आवक वाढली की 'साठा मुबलक', म्हणजे बोटी वाढवायला हरकत नाही. आवक घटली की वादळ. २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २ लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी. त्याच वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं पाठोपाठ आली होती. ती खरोखरच आली होती आणि त्यांनी बोटी खरोखरच बंदरात अडकवल्या, म्हणून तर ती उपयोगी. एका वादळावर दोन-तीन बैठका सहज निघतात.

कुणी आवक तासांनी भागायला सांगेल. पूर्वी एक बोट तासाला किती किलो काढायची, आता किती काढते, असा तो हिशोब असतो. त्याला चहा पाजा. हा हिशोब केला की आवक तेवढीच असतानाही समुद्र रिकामा होत चाललेला दिसू शकतो, कारण तेवढ्याच मासळीसाठी बोटी दुप्पट वेळ फिरत असतात. असलं काही एकदा इतिवृत्तात आलं की खोडता येत नाही.

आणि खाडीतल्या बायकांचं काय? रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत ओहोटीला बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, पायाच्या बोटांनी चिखल चाचपतात, टणक लागलं की वाकून तिसरी वर काढतात. कालवं खडकाला चिकटलेली असतात, ती लोखंडी हत्यारानं फोडून आतला गर वाटीत जमवतात. दोन-तीन तास पाठ वाकवून जे निघतं ते बाजारात वाट्यानं विकलं जातं. फळीवर मांडलेला ढीग म्हणजे वाटा. आता तुमच्या तक्त्यात रकाना टनाचा. वाट्याचे टन कसे करायचे? करू नका. रकान्यात आडवी रेघ मारा. पुढे कधी खाडीत कंपनीचं सांडपाणी आलं आणि तिसऱ्या मेल्या, तर नुकसानभरपाईच्या वेळी ही रेघ फार कामाची ठरते: नोंदच नाही, तर नुकसान कसलं?

३. फळ्यावर एक उंटाची पाठ काढा

समितीत शास्त्र असल्याचं दिसलं पाहिजे. त्यासाठी एकच आकृती पुरते. डावीकडून वर चढणारी, मध्ये टेंगूळ, उजवीकडे उतरणारी. १९५४ साली शेफर नावाच्या शास्त्रज्ञानं मांडलेल्या गणिताची ही रेघ आहे आणि गणित सुंदर आहे. मासळी अगदी भरपूर असली की एकमेकींच्या तोंडचं खाऊन फारशी वाढत नाही. अगदी थोडी उरली की वाढायला आई-बापच नसतात. मध्ये कुठेतरी, मूळ साठ्याच्या निम्म्यावर, वाढ सगळ्यात जास्त. तेवढी वाढ दरवर्षी काढून घ्या, मुद्दल तसंच राहील.

एकच बारीक अडचण. निम्मं कळायला पूर्ण कळावं लागतं. आणि पूर्ण होतं तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

१९७७ साली लार्किन या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं या कल्पनेचा चक्क मृत्युलेख लिहिला. १९८२ साली ती आंतरराष्ट्रीय समुद्री कायद्याच्या करारात पुन्हा रुजू झालेली दिसते. सेवापुस्तकात मयत आणि हजेरीपटावर उपस्थित, असा प्रकार सरकारी माणसाला समजावून सांगायला नको.

४. मधला आकडा काढायला शिका

शास्त्रज्ञ एक आकडा सांगतील, बोटवाले दुसरा. तुम्ही मध्ये उभे राहा आणि हळूहळू बोटवाल्यांकडे सरका. याचं शास्त्रशुद्ध उदाहरण कॅनडाचं. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशासाठी १९८९ सालचा शास्त्रज्ञांचा सल्ला होता १ लाख २५ हजार टनांचा. मंत्र्यांनी मर्यादा ठरवली २ लाख ३५ हजार. एकदम कमी केलं तर गावंच्या गावं बसतील, अशी काळजी होती. काळजी खरी होती. १९९२ च्या जुलैत मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं.

नवशिक्यांनी यातून एवढंच घ्यायचं की मधल्या आकड्यावर दोन्ही बाजू सारख्या नाराज होतात आणि यालाच संतुलन म्हणतात. मासा बैठकीला नसल्यामुळे त्याची नाराजी नोंदवली जात नाही.

५. आकाराचा नियम करा, पण पट्टी कुठे लावायची ते सांगू नका

आपल्या राज्यानं २०२३ साली ५४ जातींचे किमान आकार ठरवले. त्याहून लहान पकडायचं नाही. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी सप्टेंबरात पापलेट राज्यमासा झाला, म्हणजे त्याचं मोजमाप आणि मानपान एकदमच झालं. नियम चांगला आहे, हे मी गंमत न करता म्हणतो. पिल्लू सोडून दिलं तर वर्षभरानं तेच मोठं होऊन, एकदा अंडी घालून, जास्त पैसे देऊन जातं. हे कोळ्याला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे.

तुमचं कौशल्य पट्टीच्या जागेत आहे. ट्रॉलरचं जाळं तळावरून दोन-तीन तास ओढत नेतात. मग खोला, म्हणजे जाळ्याची मागची पिशवी, वर येते, दोरी सुटते आणि फळ्यांवर ढीग पडतो. पापलेट, कोळंबी, मांदेली, चिखल, प्लॅस्टिक, नखाएवढी पिल्लं. बहुतेक सगळं मेलेलं किंवा मरायला टेकलेलं. आता मोजा. १३४ मिलिमीटर भरला? परत समुद्रात टाका. नियम पाळला गेला आणि मासाही गेला. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, मोठा ठेवला, पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावला, तर पिल्लं पाण्यातच निसटतात. म्हणून आसाची तपासणी बंदरात, जाळं वाळत असताना, आगाऊ कळवून करावी.

शेवंड मात्र इथं घात करते. ती जाळ्यातून वर आल्यावरही पुष्कळदा जिवंत असते. अंडी पोटाखाली चिकटवून हिंडते, त्यामुळे गाभोळीची मादी कोणती हे उलटी केली की पोरालाही दिसतं. म्हणजे सोडून देण्यासारखा समुद्रात कोणी असेल तर हीच. अमेरिकेच्या मेन राज्यातले मच्छीमार शंभराहून जास्त वर्षं असं करत आले आहेत: अंडीवाली शेवंड सापडली की शेपटीच्या पात्यावर एक खाच कापायची आणि सोडायची. पुढे ती कुणालाही, अंड्यांशिवाय सापडली तरी, खाच बघून परत सोडावीच लागते. ना सॉफ्टवेअर, ना समिती, ना प्रवासभत्ता. असल्या उपायांपासून सावध राहा. ते पसरले तर तुमची गरज राहणार नाही.

६. वेळ साधा (हा धडा तोंडपाठ करा)

मर्यादा घालायची योग्य वेळ कोणती? अक्कलकोटच्या माणसाला हे समुद्रावर जाऊन शिकायची गरज नाही. आपल्या राज्यात २००९ सालचा भूजल कायदा आहे. त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरच्या खाली विहीर खणायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आता तुमच्या शिवारातल्या बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, दोनशे फुटांवर काय लागतं. तो हसेल, आणि मशीन बंद न करता हसेल. पाणी दोनशेच्या खाली गेल्यावर दोनशेची मर्यादा आली. हाच शेवंडीचा सिद्धांत.

मुंबईच्या पाण्यात एक चपटी शेवंड मिळायची. लांब मिशांची नव्हे, कपाळावर दोन खवल्यांसारखी पाती असलेली, वाळूत दबून बसणारी. तेव्हाचं शास्त्रीय नाव थीनस ओरिएंटॅलिस. तिच्यासाठी मुद्दाम कुणी जात नव्हतं; कोळंबीसाठी ट्रॉलर तळ खरवडत, त्यात ती येई. मग परदेशी तिच्या शेपटीला भाव आला आणि जोडधंद्याचा धंदा झाला. १९८६ साली मुंबईत ती सुमारे ३७५ टन उतरली. १९९४ साली जेमतेम २ टन. आठ वर्षं. शास्त्रज्ञांनी या घटनेवर जो निबंध लिहिला त्याच्या नावातच 'कोसळणे' हा शब्द आहे. अंडीवाल्या माद्याही त्याच जाळ्यात येत होत्या, आणि हिची पिल्लं जन्मल्यावर पाण्यात काही काळ पारदर्शक चकतीसारखी तरंगत राहतात, त्यांतली किती तळाला परततात हा नशिबाचा भाग. आयाच उचलल्यावर नशिबालाही काम उरलं नाही.

आणि मर्यादा? ती आली. २००३ साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं निर्यातीसाठी शेवंडीची किमान वजनं जाहीर केली. या चपट्या शेवंडीचं १५० ग्रॅम. तेव्हा मुंबईच्या तागडीवर टाकायला ती उरलेलीच नव्हती. इतर किनाऱ्यांवर होती, तिथं नियमाचा उपयोग झाला असेल, पण मुंबईपुरतं बोलायचं तर इतका निर्दोष पाळला गेलेला नियम राज्याच्या इतिहासात विरळाच. एकही उल्लंघन नाही. नवशिक्यानं हे उदाहरण फ्रेम करून टेबलासमोर लावावं.

घाई झालीच तर निदान अहवाल आणि आदेश यांच्यात अंतर ठेवा. पर्ससीन, म्हणजे मासळीचा थवाच वेढून उचलणाऱ्या, जाळ्यांबद्दल सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा, सरकारचा आदेश २०१६ चा. परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायचे, असं ठरलं. चार वर्षांत ज्याला जे जमेल ते त्यानं केलं.

७. सीमा आखा आणि पलीकडच्याला दोष द्या

राज्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. अक्कलकोटहून सोलापूरला निघालात तर वळसंगच्या आसपास राज्य संपलं आणि केंद्र सुरू झालं असं समजा. शेवंड ही रेघ ओलांडताना कुणाला विचारत नाही, म्हणून दोघांचीही जबाबदारी संपते. त्यात कर्नाटकातल्या मलपीचे मोठे ट्रॉलर येतात, असं सिंधुदुर्गवाले सांगतात आणि खरं सांगतात. इथं तुमची खरी किंमत आहे. सीमेवरच्या अक्कलकोटचे म्हणून समितीत कानडी बोलणारे तुम्ही एकटेच. मलपीवाल्यांशी थेट बोलून प्रश्न सोडवण्याची भाषा तुमच्याकडे आहे, हे कुणाला कळू देऊ नका.

८. केरळला अभ्यासदौरा नेऊ नका

कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचं सरोवर आहे. तिथं तिसऱ्यांची आवक नव्वदच्या दशकात घसरायला लागली. लोकांनी जाळ्याचा आस किमान ३० मिलिमीटर ठरवला, डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या महिन्यांत काढणी बंद ठेवली, आणि किलोभर गरात १४०० पेक्षा जास्त नग भरतील इतका बारीक माल निर्यातीला नको म्हटलं. किलोत किती नग, हे मोजायला फक्त तराजू आणि बोटं लागतात. आवक सावरली. २०१४ साली या तिसऱ्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. शिंपले उचलणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकार एका बाकावर बसले, एवढंच तिथं झालं. दौरा नेलात तर सदस्य हे बघून येतील आणि परतीच्या गाडीत नको ते प्रश्न विचारतील. न्यायचाच असेल तर गोव्याला न्या.

९. एक संपलं की दुसरं

कॉड संपल्यावर न्यूफाउंडलंडवाले खेकडे आणि कोळंबीकडे वळले आणि चांगले पैसे कमावते झाले. कॉड हा त्यांना खाणारा, तोच गेल्यावर ती वाढली, असंही काही अभ्यासक म्हणतात. आपल्याकडेही राणी माशाला पूर्वी फारसं कोणी विचारत नव्हतं. आता त्याच्या लगद्यापासून परदेशात नकली खेकडा बनतो. खेकडा संपला तरी खेकड्याचा पुरवठा अबाधित, अशी ही सोय. तुमच्या समितीचा कार्यकाळ संपेपर्यंत जातींची यादी पुरेल. मराठीत माशांना नावं भरपूर आहेत.

१०. इतिवृत्त

'शाश्वत' हा शब्द प्रत्येक परिच्छेदात एकदा. 'सर्व संबंधित घटकांना विश्वासात घेऊन' हे दोनदा. आकडा शक्यतो जोडपत्रात टाका, आणि जोडपत्र 'स्वतंत्रपणे पाठवत आहोत' असं लिहा. पुढची बैठक अक्कलकोटला घेण्याचा आग्रह धरा. स्वामींचं दर्शन होईल म्हणून मुंबईचे सदस्यही आनंदानं येतील. फक्त तारीख गुरुवारची नको. गुरुवारी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि सदस्यांच्या ताटात कोळंबी वाढता येत नाही.